दुसऱ्यांदा विचारलं तर

रविवार, १० ऑगस्ट

उद्या निघायचं. कुठे? इथेच! टॅक्सीने वीस मिनिटांवर. सगळा जन्म मराकेशात काढला आणि आता मराकेशातच सुट्टीला चाललेय. समोरच्या दारातली बातूल पोट धरधरून हसली. "तामू, पासपोर्ट घेतलास ना गं? आणि पोचल्याचं पत्र टाक बाई!"

हसू दे तिला. मला नाही आलं हसू.

माझा लेक जवाद परदेशातून तीन वर्षांनी येतोय. बापाच्या मातीला आला होता, त्यानंतर आत्ताच. मला आपलं वाटलं, घरीच उतरतील. पडदे धुतले, गाद्यांना ऊन दाखवलं, बैठकीच्या लोडांना नवे अभ्रे शिवले. शिवणकाम सोडलं तरी हात कुठे विसरतात? आणि मग त्याचा फोन. "आई, खजुरीच्या बागेकडचं रिसॉर्ट घेतलंय आम्ही. सेल्माला पोहायला हवं ना! तुझीही खोली घेतलीय, तूही ये. तेवढाच तुला आराम." काय बोलणार? माझ्याकडे पोहायला बादली आहे.

बातूल महिनाअखेरीला लेकीकडे चाललीय, आगादीरला. कायमची. आज तिच्या दारात रिकामी खोकी बघितली. मग या जिन्यावर मी एकटी. वरच्या मजल्यावर कॉलेजची पोरं आहेत, पण ती काय, सलाम करतात आणि कानात बोंडं खुपसून निघून जातात. जवादचे वडील, सी अब्देलकादेर, गेल्यापासून रात्री फ्रिजचा आवाज बंद पडला तरी जाग येते मला.

म्हणून लिहूनच टाकते. या खेपेला जवादने म्हणावं, "आई, चल आमच्याकडे तुलूझला." म्हणाला तर मी जाईन. घर बंद करून, किल्ली धाकट्या दिराकडे देऊन, जाईन.

लिहिलं एकदाचं!


सोमवार, ११ ऑगस्ट

मनगटाला निळी पट्टी बांधलीय माझ्या. कापल्याशिवाय निघत नाही म्हणे. बकरीदच्या बाजारात मेंढ्यांना खूण करतात तशी! पट्टी बांधणारी पोरगी माझ्याशी फ्रेंचमध्ये बोलायला लागली. म्हटलं, "बये, तुझा आवाज सांगतोय तू बाब दुक्काला मोहल्ल्यातली आहेस. माझ्याशी घरचं बोल." लाजली बिचारी.

जवादने मिठी मारली तेव्हा सगळा राग गेला. बारीक झालाय. कानाजवळ पांढरं दिसायला लागलंय, माझ्या पोराचं! नात सेल्मा आठ वर्षांची, माझ्या खांद्याला लागली. पुढचे दोन दात नवीन आलेत, मोठे मोठे. आणि सूनबाई ओरेली— गोरी, उंच, नाकावर उन्हाचा मलम फासलेला. मला "लल्ला तामू" म्हणते. जवादने शिकवलंय. मान देऊन बोलते, नाव ठेवायला जागा नाही. मी तरुणपणी एका फ्रेंच मदामच्या शिवणघरात होते म्हणून तिचं फ्रेंच मला कळतं, माझं तिला निम्मं कळत असावं.

पण एक आहे. दुपारी तिने विचारलं, "कलिंगड घेता?" मी म्हटलं, "नको गं." तिने बशी उचलली आणि गेली! सरळ गेली! मी बघतच राहिले. थंडगार, लालभडक कलिंगड होतं. संध्याकाळी पुन्हा तेच. "चहा मागवू?" "राहू दे." राहिला!

माणसाला एकदा विचारून सोडून देतात का? आपण काय ऑफिसात बसलोय? पण तिच्या घरी तशीच रीत असेल. तिच्या आईने तिला "नाही म्हटलं की पुन्हा विचारू नये" असं शिकवलं असेल. त्यांचं त्यांना बरोबर.

माझी खोली बागेच्या पलीकडे आहे. त्यांची अलीकडे. मधे गुलाब, कारंजी आणि दिव्यांचे खांब. पलंगावर चौघी झोपतील एवढी जागा आहे. एका कडेला झोपते.


मंगळवार, १२ ऑगस्ट

विचारलं!! जवादने विचारलं!

रात्रीच्या जेवणाला बसलो होतो. सेल्मा आइस्क्रीम आणायला उठली. ओरेलीने जवादकडे बघितलं. जवादने रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाला, "आई, तू आमच्याकडे का येत नाहीस राहायला? तुलूझला. एकटी काय करतेस इथे?"

माझ्या हातातला चमचा खाली ठेवला मी. आणि म्हटलं, "नको रे बाबा. मला इथे काय कमी आहे? तुमची कामं, पोरीची शाळा, त्यात मी कशाला? माझं बरं चाललंय."

तो म्हणाला, "बरं आई. जशी तुझी इच्छा."

आणि ओरेली खाली ताटात बघायला लागली. मग सेल्मा आली आणि तिचं आइस्क्रीम सांडलं, आणि बोलणं संपलं.

आता दुसऱ्यांदा विचारेल. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणतं का? पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, ही माणसाची लाज. दुसऱ्यांदा विचारलं की "कशाला उगाच" म्हणायचं. तिसऱ्यांदा शपथ घातली की मग हो. माझ्या सासूने मला मागणी घातली तेव्हा माझ्या बापाने दोनदा नाही म्हटलं होतं, आणि आत आई बदाम सोलायला बसली होती! लगेच हो म्हणायला मी काय टपूनच बसले होते?

बसले होते. पण ते त्याला कशाला दिसायला हवं.

बातूलला फोन केला, राहवलं नाही. किंचाळली आनंदाने. मग म्हणाली, "तामू, तिकडे थंडी असते गं. लोकरीच्या विजारी घे."


बुधवार, १३ ऑगस्ट

नाही विचारलं.

दिवसभर संधी दिली मी. त्याच्याच बाजूच्या खुर्चीवर बसले, छत्रीखाली. पाण्यात उतरले नाही, लांब कपडे घालून पाण्यात चालत नाही म्हणाला तिथला माणूस. तसंही या वयात कुठे डुंबायचं! काठावर बसून पाय सोडले.

म्हटलं, "जवाद, जिना चढवत नाही रे आताशा."

म्हणाला, "आई, लिफ्टवालं घर बघू या का तुला? गेलीझकडे नवीन झालीत."

थोड्या वेळाने म्हटलं, "रात्री घर खायला उठतं बघ."

म्हणाला, "मोठा टीव्ही घेऊ या. मी आजच मागवतो."

टीव्ही! वाटलं, चप्पल काढावी.

सेल्माने पाण्यातून हाक मारली, "आजी, बघ मी बुडी मारते!" बघितलं. पुन्हा बघितलं. पोरीची माया आहे मला. तिला केस विंचरून दिले, दोन वेण्या घातल्या. तिला माझी भाषा अर्धीच येते, पण केस विंचरायला कशाला भाषा लागते!

बातूलचा फोन. "काय गं, आलं का दुसरं विचारणं?" म्हटलं नाही. "मग सून अडवत असेल. तिला काय कळतंय आपलं! तूच सांग ना पोराला सरळ." मी म्हटलं, "स्वतःच्या तोंडाने? भीक मागू?" ती म्हणाली, "मेली लाज धर, पण विमान सुटायच्या आत सोड."

ती सून अडवत असेल म्हणाली तेव्हापासून तेच डोक्यात बसलंय. काल ओरेली ताटात का बघत होती? सुटका झाली म्हणूनच ना? सासू नको म्हणाली, बरं झालं!

संध्याकाळी टॅक्सी करून घरी जाऊन आले. मटण, लसूण, केशर, जिरं, खारवलेलं लिंबू, सगळं तांजियाच्या मडक्यात भरलं आणि गल्लीतल्या हमामच्या भट्टीवाल्याकडे दिलं. रात्रभर राखेत शिजेल. जवादचं लहानपणापासूनचं जीव की प्राण. रिसॉर्टचं जेवण म्हणजे दिसायला लग्न आणि चवीला दवाखाना. हे खाऊन तरी त्याला आई आठवेल.


गुरुवार, १४ ऑगस्ट

काय सांगू! दारावरच अडवलं.

दुपारी भट्टीवरून परतले, टॅक्सीत मांडीवर गरम मडकं, टॅक्सीवाला वासानेच वेडा झाला होता. आणि दारावरचा पहारेकरी म्हणतो, "हाज्जा, बाहेरचं जेवण आत नेता येत नाही. वरून हुकूम आहे." म्हटलं, "मी अजून हजला गेले नाही रे, आणि हे बाहेरचं नाही, घरचं आहे!" तो कानाच्या पाळ्या धरायला लागला. "अल्लाची शपथ, माझी नोकरी जाईल." मिशा पिकलेला माणूस, मुबारक नाव. त्याचा काय दोष? वर बसणाऱ्यांना मडकं बघून काय वाटतं कुणास ठाऊक!

जवादला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. ओरेलीला लावणार होते, नाही लावला. रागच आला होता तिचा.

मग मुबारकला म्हटलं, "घे, तुम्हीच खा."

"नाही नाही हाज्जा! असं कसं!"

"अरे घे. थंड होतंय."

"तुमच्या मुलासाठी आणलंत तुम्ही. आमचं पोट भरलेलं आहे."

"माझ्या डोक्याची शपथ आहे तुला. घेतलं नाहीस तर इथेच रस्त्यावर ओतून जाईन."

तेव्हा कुठे घेतलं! मडकं हातात घेताना त्याचे डोळे बघायला हवे होते. दुसरा पहारेकरी धावत पाव घेऊन आला. मला स्टूल दिलं, आणि म्हणाले, "हाज्जा, तुमच्याशिवाय हात लावणार नाही." मी म्हटलं नको. म्हणाले, बसाच. म्हटलं, अरे नको. मुबारकने पहिला घास मोडून माझ्या हातात ठेवला. बसले! त्यांच्या त्या पत्र्याच्या चौकीत, पंख्यासमोर, एका मडक्यात तिघांचे हात. लग्नानंतर पहिल्यांदा तांजिया केला तेव्हासुद्धा इतका चांगला झाला नव्हता. मटण नुसतं सुटत होतं हाडापासून. मुबारकला तीन मुली, एक नर्स आहे. धाकटीचं लग्न ठरतंय. म्हणाला, मुलाकडच्यांना पहिल्यांदा नाही म्हणून परत पाठवलंय, येत्या जुम्म्याला पुन्हा येतील. म्हटलं, येतीलच. नाहीतर काय!

पोटभर जेवले. आठवड्यात पहिल्यांदा.

आत गेले तर सगळे पाण्याजवळच. जवाद म्हणाला, "आई, झोपली होतीस वाटतं? छान. आराम कर." कुणी शोधलं नव्हतं मला. मी कुठे होते ते सांगितलं नाही. तांजियाचंही नाही. हात धुतले तरी बोटांना केशराचा वास येत होता, त्याला तोही आला नाही.

खोलीत येऊन रडले थोडं. थोडं काय, बरंच.


शुक्रवार, १५ ऑगस्ट

सकाळी मान वर करून बाहेर पडले. जुम्म्याचा दिवस, पांढरी जलाबा घातली. दुपारी धाकटा दीर ब्राहिम येणार होता पुतण्याला भेटायला.

आला आपल्या फटफटीवरून, डोक्याला टोपी, मागे पुदिन्याची जुडी बांधलेली. भेटीगाठी झाल्या. पंधरा मिनिटं बसला आणि उठला. "चला, मी निघतो. बायको वाट बघत असेल."

जवाद म्हणाला, "काका, जेवून जायचं."

"नाही रे पोरा. पुन्हा कधीतरी."

"काका, कुसकुस आहे आज. बसा."

"अरे, घरी केलंय तिने. राग येईल तिला."

आणि माझा लेक उठला, काकाच्या हातातली फटफटीची किल्ली काढून घेतली आणि आपल्या खिशात टाकली! "वल्ला काका, जेवल्याशिवाय ही किल्ली मिळणार नाही. काकूंना मी फोन करतो." काका "हा पोरगा म्हणजे ना!" म्हणत बसला. असा हसत होता, सगळे तुटके दात दाखवत!

मला तर उडी मारावीशी वाटली. विसरला नाही! पोरगा काही विसरला नाही! इतकी वर्षं तिकडे राहून, तिकडची बायको करून, तरी तीनदा विचारायचं, शपथ घालायची, सगळं जसंच्या तसं. बापावर गेलाय. बापाने तर एकदा पाहुण्याचे बूट लपवले होते.

तिथे कुसकुस वाट्यांत देतात. एकेकाला वेगळी वाटी! आजाऱ्याला द्यावी तशी! जवादने आत सांगून एकच मोठं ताट मागवलं. सगळे एका ताटात जेवलो. सेल्माने हाताने गोळा करायचा प्रयत्न केला आणि नाकाला भोपळा लावून घेतला. ब्राहिमने खाल्लं म्हणजे काय, दोघांचं खाल्लं. घरी केलंय म्हणे!

ओरेली मात्र खायचं सोडून बसली होती. ब्राहिमकडे बघत होती, जवादकडे बघत होती. मधेच तिने जवादला काहीतरी विचारलं हळूच. तो म्हणाला, "अगं, काकांची गंमत असते ती." तिने मान हलवली. मला राग आला. गंमत काय त्यात? पण म्हटलं, सांगत बसायला लाजत असेल तो.

दुपारी पडले होते. अंगाची सालं निघावीत असं ऊन. सेल्माचा कंगवा माझ्याकडे राहिला होता म्हणून द्यायला गेले, तर त्यांच्या दारातून आवाज. भांडण. शब्द काही कळले नाहीत, दोघंही भरभर बोलत होते, पण माझं नाव आलं. "लल्ला तामू" म्हणून ओरेली म्हणाली. चिडून. मग जवाद, दाबलेल्या आवाजात. मग ओरेली पुन्हा, आणि रडण्याचा आवाज.

कंगवा दाराच्या कडीला अडकवला आणि परत आले.

कळलं मला. म्हणजे बातूलचं खरं होतं. पोरगा विचारायचं म्हणतोय आणि ती रडून अडवतेय! आजचं काकाचं बघून त्याला वाटलं असणार की आईला पुन्हा विचारायला हवं. आणि ही बया रडायला बसली. माझ्या पोराला घरात बोलायची सोय नाही. आणि मी "लल्ला तामू" ऐकून विरघळत होते. गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच.

रात्री जेवताना ती मला म्हणाली, "लल्ला, अंजीर घ्या ना." मी म्हटलं, "मला नको." तिने हात मागे घेतला नाही. तसाच धरून राहिली बशी पुढे करून, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. जवाद म्हणाला, "ओरेली, आई नको म्हणतेय." तिने बशी खाली ठेवली. मीही तिच्याकडे बघितलं नाही.

उद्या सकाळी विमान. अजून विमानतळ आहे. तिथे निरोप घेताना माणूस मऊ होतो. मी ठरवलंय, तिसऱ्या विचारण्याची वाट नाही बघायची. दुसऱ्यालाच हो म्हणायचं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. ओरेलीला आवडो न आवडो, स्वयंपाक करीन, सेल्माच्या वेण्या घालीन, तिच्या वाटेत येणार नाही.

दुसरं नाही, अर्धं विचारलं तरी हो म्हणेन.


शनिवार, १६ ऑगस्ट

नाही विचारलं.

दारावर मुबारकने सामान टॅक्सीत ठेवायला हात लावला. निळी पट्टी त्यानेच कापून दिली. विमानतळावर जवादने मला घट्ट धरलं, डोळे ओले झाले त्याचे. अगदी खरे ओले झाले, मी त्याची आई आहे, मला कळतं. म्हणाला, "आई, औषधं वेळेवर घे. रोज फोन करीन." मी म्हटलं, "हो." मी थांबले. त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो पासपोर्ट चाचपायला लागला.

सेल्मा म्हणाली, "आजी, तू पण चल!" म्हणजे झालंच की! हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी, पोरीच्या विचारण्याला! जवाद म्हणाला, "आजीला इथेच आवडतं, सेल्मा." आणि तिला कडेवर घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला.

शेवटी ओरेली आली. तिने मला मिठी मारली आणि सोडेचना. रडत होती. मी लाकडासारखी उभी राहिले. मनात म्हटलं, आता कशाला रडतेस, जिंकलीस ना? ती म्हणाली, "लल्ला तामू, मला तुम्हाला—" आणि जवादने हाक मारली, रांग पुढे सरकली म्हणून.

घरी आले. लोडांवरचे नवे अभ्रे काढून ठेवले. कोण बसणार त्यांच्यावर.


रविवार, १७ ऑगस्ट

बातूलची खोकी बांधायला गेले. काही विचारलं नाही तिने. मी उठायला लागले तशी म्हणाली, "जेव इथेच." म्हटलं नको. म्हणाली, "जेव गं, गपचूप." जेवले.


सोमवार, १८ ऑगस्ट

दोन माणसं टीव्ही घेऊन आली. भिंतभर आहे. जवादने पाठवला. बंदच ठेवलाय, त्यात मीच दिसते.


मंगळवार, १९ ऑगस्ट

सकाळी ओरेलीचा फोन आला. एकटीच होती, जवाद कामावर गेलेला. म्हणाली, "लल्ला, रागावणार नसाल तर एक विचारते. मी तुमच्यासाठी मागची खोली रिकामी केली होती. जूनपासून. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला फार वाईट वाटलं. मी जवादला रोज म्हणत होते, पुन्हा विचार, आईंना पुन्हा विचार. मीच विचारते म्हटलं तर त्यावरून भांडण झालं आमचं. तो म्हणाला, तुला आमची रीत माहीत नाही. आमच्याकडे मोठ्या माणसाने एकदा नाही म्हटलं की पुन्हा विचारणं म्हणजे त्यांचा अपमान. लल्ला, खरंच असं असतं का तुमच्याकडे?"

जिन्यावरच बसले. जवाद. माझा जवाद. आणि मी या पोरीला काय काय बोलले मनात!

ती तिकडून "लल्ला? लल्ला?" करत होती. काय सांगू तिला? तिच्या नवऱ्याला तिच्यासमोर खोटं पाडू? माझ्या पोराला?

म्हटलं, "हो गं. आमच्याकडे तसंच असतं."